श्वासपटल माझ्या हुकमात आहे, म्हणे!

घाटकोपरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. गेल्या दिवाळीनंतर माझा आवाज बसला तो बसलाच. ज्येष्ठमध, हळद-दूध, सगळं झालं. नवऱ्याने अंधेरीतलं एक 'आवाज शिबिर' शोधून काढलं. "जा ना गं, आमच्या ऑफिसातले सगळे जाऊन आलेत."

गेले. शिबिर घेणारा माणूस छोट्याशा हॉलमध्ये कॉलरला माईक लावून उभा. आवाज कमवायला शिकवणार होता आणि स्वतःला माईक लागत होता!

"हवा थेट पोटात भरा," तो म्हणाला. बँकवाले, इंजिनियर, शिकली-सवरलेली माणसं माना डोलावत पोटं फुगवू लागली. आठवीच्या पोराने पेपरात असं लिहिलं तर मी शून्य देते. हवा फुफ्फुसातच राहते. त्याखालचा घुमटासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, आकसून खाली येतो, पोटातले अवयव दाबले जातात, म्हणून पोट पुढे येतं.

"माझं श्वासपटल माझ्या हुकमात आहे," असं म्हणून त्याने लांबलचक 'आ' लावला. मध्येच उचकी आली. मग दुसरी, तिसरी. माईकमुळे हॉलभर घुमल्या.

"इथे कुणाची तरी निगेटिव्ह एनर्जी आहे," तो म्हणाला.

मला राहवेना. घोगऱ्या आवाजात म्हटलं, "सर, उचकी म्हणजे श्वासपटलाचाच झटका. पाणी प्या."

"मॅडम, हा अहंकारच तुमच्या घशात अडकलाय!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उचक्या देणाऱ्या माणसासाठी! मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मग शहाण्यासारखी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. स्वरतंतूंवर बारीक गाठी निघाल्या. त्यांनी मुलुंडच्या एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तिने मला वर्गात बोलते तसं बोलायला लावलं आणि हसली. "ताई, खांदे बघा कुठे गेलेत! श्वास वरवर घेताय, मग सगळा जोर घशावर येतो." तिने बरगड्यांच्या खाली हात ठेवायला लावला, सावकाश श्वास घ्यायला आणि सोडता सोडता बोलायला शिकवलं. कंटाळवाणं काम, पण उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत आवाज परत आला.

नवरा अजून म्हणतो, "पण सुरुवात शिबिरापासूनच झाली ना?"

त्याच्यावर मी आवाज खर्च करत नाही.