चार लॉगिन आणि दूध

गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी ॲप करायचं, असं कॉलेजात प्रोजेक्टसाठी माझ्याकडे दिलेल्या चौघांनी ठरवलं होतं. दोन मुली, दोन मुलगे, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. महिन्याभराने मी बघायला बसले, तर चौघांनी चार लॉगिन पानं करून आणलेली. एकाचं निळं, एकीचं फुलाफुलांचं. आत शिरलं की पुढे काहीच नाही, दुधाचा थेंबसुद्धा नाही. मला आधी हसू आवरेना, मग संताप आला.

“एकमेकांशी बोलला नाहीत?”

“व्हॉट्सॲप ग्रुप हाय ना मॅडम,” एक मुलगा म्हणाला. त्या ग्रुपवर नुसते अंगठे. मुलींना मुलांना फोन करायची घरून बंदी आणि मुलांना विचारायची लाज.

मग मी फर्मान काढलं. रोज सकाळी लॅबबाहेर गोल करून उभं राहायचं, काल काय केलं ते सांगायचं आणि कुठे अडलंय तेही. पहिले काही दिवस सगळ्यांचं ‘चालूय मॅडम’. मी ओरडायचे. शेवटी दोघींतली नेवाशाची मुलगी म्हणाली, “मला दुधाच्या फॅटवरून भाव काढायचं जमंना. लई दिवस झाले.” एका मुलाच्या घरी गोठा होता. त्याने तिथेच फरशीवर खडूने लिहून तिला समजावलं. त्यानंतर ती चौघं भांडू लागली, म्हणजे बोलू लागली.

खरं तर त्या गोलाची गरज मलाच जास्त होती. आई गेल्यापासून सावेडीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटी. कॉलेज सुटलं की दुसऱ्या सकाळपर्यंत तोंड बंद. रविवार तर अंगावर येतो. पण सांगणार कुणाला? पोरांना एकमेकांशी बोलायला लावणारी बाई ना मी!

प्रोजेक्ट सादर झाला, परीक्षकांनी कौतुक केलं. बाहेर आल्यावर सवयीने आम्ही गोल करून उभे राहिलो. सगळ्यांचं सांगून झालं, तशी नेवाशाची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमी कधीच सांगत न्हाई. तुमचं कुठं अडलंय?”

बाकीचे हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, “घरी बोलायला कुणी नसतं गं.”

मुलगे बुटांकडे बघत राहिले. मग तीच हळूच म्हणाली, “प्रोजेक्ट संपला, पन उद्याबी येऊ का आमी?”

“नको गं. परीक्षा जवळ आल्यात, अभ्यास करा.” मास्तरकीचा आवाज आपोआप लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबबाहेर जाऊन उभी राहिले. त्यांनी यावं असं मला फार वाटत होतं, आणि ती शहाणी मुलं, माझं ऐकून घरी अभ्यास करत बसली होती.