चौकटीचा वास

लकडगंजातले एक लाकडाचे व्यापारी मला जुन्या चित्रांच्या दुकानात नेहमी भेटतात. चित्र हाती आलं की ते आधी पालथं करतात, चौकटीवर टिचकी मारतात आणि डोळे मिटून वास घेतात. चित्रकाराचं नाव त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मी चार पुस्तकं वाचून संग्राहक झालेलो, त्यामुळे मला त्यांचं हसू यायचं.

परवा मी शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून एक चित्र घ्यायला निघालो होतो. रंगांच्या छटा, रेषेची लय, असं बरंच काही दुकानदाराला ऐकवून झालं होतं. तेवढ्यात तिथेच असलेल्या या व्यापाऱ्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि हुंगलं.

"काहून घेऊन राहिले गा भाऊ? या लाकडाचा तर अजून डिंक सुटून राहिला. अन् कापडाले खिळेही एकदाच ठोकले आहेत, जुनं असतं तर पुन्हा ताणून ठोकले असते. कालचं काम आहे हे."

मी चित्राचा नाद तिथेच सोडला. त्यांनी मात्र ते सुलटं केलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"पण बाई कशी रमून संत्रं सोलून राहिली, पाहा ना!" असं म्हणत त्यांनी ते विकत घेतलं.

चित्रात बाई आहे, हे मला तेव्हा कळलं.