आईचा आवाज ठेवलेला डबा

आईला अर्धांगवायू झाला, तिचं बोलणं गेलं, तेव्हा मी तिला दापोलीजवळच्या मुरुडहून मुंबईला माझ्याकडे आणलं. घर बंद झालं, किल्ली शेजारच्या काकीकडे गेली. अर्ध्या गावाच्या किल्ल्या अशा दुसऱ्या कुणाच्या तरी खुंटीला असतात.

घरात एकच वस्तू चालू ठेवली होती, माजघरातला स्टोरेजचा डबा, म्हणजे फायली साठवायची, नेटवरून कुठूनही उघडता येणारी हार्ड डिस्क. त्यात आईची रेकॉर्डिंग्ज होती. ती धडधाकट असताना सुट्टीत मी मोबाईल पुढे धरायचो आणि ती बोलत सुटायची. सांदणाची कृती, जावांची उणीदुणी, स्वतःच्या लग्नाची हकीकत. मोबाईल भरला की सगळं डब्यात टाकून तो रिकामा करायचो. आता दुपारी मी मुंबईतून तो डबा उघडून तिला एखादं ऐकवायचो. स्वतःचा आवाज ऐकताना तिचे ओठ हलायचे. डॉक्टरांपेक्षा माझा त्या हलण्यावर जास्त भरवसा होता.

ऑफिसातल्या एका जाणकाराने मला बजावलं होतं, राउटरमधून डब्याची वाट अशी उघडी टाकू नकोस, व्हीपीएन लाव म्हणजे वाट फक्त तुझ्यापुरती राहील, दुसरी कॉपी दुसरीकडे ठेव. मी हो हो म्हटलं आणि तसंच राहू दिलं. पासवर्ड होता ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आमच्याकडे होडीला तेच नाव, रिक्षाला तेच, फाटकावरही तेच. देवीचं नाव घातलं की राखण तिची, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की तिऱ्हाइताला तेच नाव आधी सुचेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गाढवपणा, दुसरं काय!

एका दुपारी फाईल उघडेना. यादी बघितली तर काही नावांमागे भलत्याच अक्षरांची शेपटी लागलेली. मी बघत असतानाच खालच्या फाईललाही लागली. मग तिच्या खालच्या. कुणीतरी आत शिरलं होतं आणि आईचा आवाज कुलूपबंद करत चाललं होतं. डबा बंद करायला गेलो तर त्याने पासवर्ड विचारला आणि माझाच पासवर्ड चुकीचा ठरवला. आई समोर उशीला टेकून वाट बघत होती.

काकीला फोन लावला. "काकी, धावत आमच्या घरी जा आणि मेन स्विच बंद कर!"

ती बागेत शिंपत होती, तशीच धावली. "केला रे बंद," ती धापा टाकत म्हणाली, "पण हा मेला डबा लुकलुकतोच आहे!"

इन्व्हर्टर! वीज सारखी जाते म्हणून डबा आणि राउटर मीच इन्व्हर्टरवर टाकले होते.

"वायर खेच. नको, थांब! आधी हात पूस."

"कुठली वायर? इथे चार आहेत."

"सगळ्या खेच!"

ती पदराला हात पुसत होती तेवढ्यात आणखी फायली गेल्या. तिला शॉक बसेल याची भीती वाटली, पण खरं सांगायचं तर आवाज जाईल याची जास्त वाटली. याची लाज अजून जात नाही.

मग यादी थिजली.

शनिवारी दापोलीपर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने जाऊन डबा आणला. जाणकाराने तपासून सांगितलं, जुन्या फायलींपासून सुरुवात झाली होती, त्या आता उघडणार नाहीत, वाचल्या त्या शेवटच्या. म्हणजे हॉस्पिटलातल्या. त्यांत मीच बोलतोय, "आई, म्हण ना काहीतरी. नुसतं आ तरी म्हण." मागे तिच्या घशाची घरघर.

आता व्हीपीएन आहे, लांबलचक पासवर्ड आहे, मोबाईलवर येणारा आकडाही आहे. राखायला उरलंय ते हे.

आईला सांगायचं धाडस झालं नाही. दुपारी ती चांगल्या हाताने मोबाईलकडे बोट दाखवायची. मी म्हणायचो, "गावाला नेट नाही, आई." ती मान डोलवायची. परवापासून तिने मोबाईलकडे बोट दाखवणं सोडलंय. तिला कळलं असेल का, मला आता त्याचीच भीती वाटते.