आज काही जळालं का?

उभ्या विमानाला बाहेरून वीज पुरवणारी गाडी अण्णा सव्वीस वर्षं सांभाळत होते. रोज ड्यूटी करून घरी आले, की बायको चहा ठेवता ठेवता चेष्टेनं विचारायची, "काय, आज काही जळालं का?" अण्णा तोऱ्यात सांगायचे, "माझ्या हाताखाली? शक्यच नाही!"

आज दुपारी मात्र त्याच गाडीतून भसकन धूर निघाला. त्यांचा जोडीदार घाबरून विमानाला जोडलेली केबल उपटायला धावला.

"हात लावू नकोस! वीज चालू आहे, कोळसा होईल तुझा!" अण्णा खेकसले. "तू आधी अग्निशमनवाल्यांना बोलाव."

त्यांनी स्वतः लाल बटण दाबून वीज तोडली आणि मगच केबल काढली. अग्निशामक नळकांड्यातून धुरावर फवारा मारला, गाडी ओढून विमानापासून लांब नेली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. विमानातले दिवे गेले म्हणून एक प्रवासी तेवढा कुरकुरला.

संध्याकाळी अण्णांनी घराचं कुलूप उघडलं. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी एक कप चहा ठेवला, उकळी येईपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःच म्हणाले,

"अगं, आज जळालं."