आप्पांचा व्हॉल्व्ह

हसू नका असं सांगून काही उपयोग होत नाही, हे मला आता कळून चुकलंय. तेव्हा चहा घ्या, आणि माझी फजिती निवांत ऐका.

सोनईत माझं बेअरिंगचं दुकान आहे. बेअरिंग, ऑइल सील, पट्टे आणि स्टीलच्या गोळ्या. मोहरीएवढ्या गोळीपासून लिंबाएवढ्या गोळीपर्यंत सगळ्या साईज. सायकलच्या हबची वेगळी, पंपाच्या व्हॉल्व्हची वेगळी. माणूस झिजलेली गोळी घेऊन येतो, मी ती बोटांत फिरवून उजेडात धरतो, आणि तो तोंड उघडायच्या आत कुठल्या यंत्राची ते सांगतो. या बाबतीत पंचक्रोशीत आपल्याला मानतात. म्हणजे, मानत होते.

झालं असं, की सकाळी शेजारच्या गॅरेजात ग्राइंडर चालू होता. मी एका गिऱ्हाइकाला गोळ्या निवडून देत होतो. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्यांना आम्ही मामी म्हणतो आणि सासऱ्यांना आप्पा. दोघं शिंगणापूरच्या शिवारात वस्तीवर राहतात. तिकडं रेंजची बोंब. सुरुवातीचं काही ऐकूच आलं नाही. जे आलं ते असं :

"...व्हॉल्व्ह गेलाय. सकाळपासनं दाबच धरंना."

मी घाबरलोच. कारण सांगतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलत सासऱ्यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलला. तेव्हापासून आमच्या घरात व्हॉल्व्ह म्हटलं की माणूस आधी छातीला हात लावतो. हातात स्टीलच्या गोळ्या होत्या, त्यांच्याकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

"मामी, आप्पा कुठायत?"

"हितंच बसलेत, त्वांड पाडून."

"गोळी चालू आहे ना?"

"गोळीच तर बाद झाली. दुसरी बघा म्हनत्यात. तुमीच चांगली बघून आना."

"मी कशी आणणार? डॉक्टरला विचारायला पाहिजे."

"डॉक्टरला काय कळतंय त्यातलं? तुमच्यावानी कुनाला कळतं?"

आणि फोन कट. मी पुन्हा पुन्हा लावला, लागेना. खरं सांगू का, त्या घाबरलेल्या अवस्थेतही मला जरा बरं वाटलं. सासूबाईंचा आपल्यावर एवढा विश्वास असेल, असं कुठल्या जावयाला वाटतं?

शटर ओढून घरी गेलो. माझी बायको सुनीता भाजी निवडत होती.

"अहो, आत्ता कसे आलात?"

"आप्पांना जरा बरं नाही."

"जरा म्हणजे?"

"व्हॉल्व्ह."

तिनं भाजी बाजूला सारली आणि शेवगावच्या बहिणीला फोन लावला. इकडून ही रडली, तिकडून ती, आणि ती रडतच निघालीही. तोवर मी ओळखीच्या सलीमभाईंना सांगितलं. त्यांची अँब्युलन्स आहे. भला माणूस, ऑक्सिजन भरूनच आला.

सायरन लावून आम्ही तिघं शिंगणापूरच्या रस्त्याला लागलो. दर्शनाला निघालेल्या गाड्या भराभर बाजूला होत होत्या. एका गाडीतल्या म्हातारीनं आमच्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले.

वस्तीवरच्या घराला तिथल्या रिवाजाप्रमाणं नुसती चौकट आहे, त्यामुळं दार वाजवायचा प्रश्न नव्हता. सलीमभाई आणि मी स्ट्रेचर घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरलो. मामी भाकरी थापत होत्या. पिठाचा हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "कोन पडलं?"

"आप्पा कुठायत?"

मामींनी काही सांगायच्या आत घरामागून आप्पाच पळत आले. सायरन ऐकून त्यांना वाटलं होतं, शेजारच्या वस्तीवर कुणाला तरी काही झालं. सुनीता त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"आप्पा, पळू नका," मी म्हणालो. "आधी आडवे व्हा."

"आडवं हू? कांद्यावर करपा आलाय, आभाळ भरून आलंय, आज फवारनी न्हाई झाली तर सगळं पीक हातचं जाईल. आन मी आडवं हू?" मग त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "जावईबापू, गोळ्या कुठंयत?"

"कुठल्या गोळ्या?"

ते मला घरामागं घेऊन गेले. गोणपाटावर त्यांचा पितळी फवारणी पंप खोलून ठेवला होता. शेजारी व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हमध्ये गंजून खड्डे पडलेली एक गोळी.

"हिच्यापायी पंप दाब धरंना," आप्पा म्हणाले. "हिनं तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं," मी म्हणालो.

मामी मागं येऊन उभ्या होत्या. पिठाचे हात कमरेवर ठेवून त्या आळीपाळीनं पंपाकडे आणि माझ्याकडे बघत होत्या. सुनीता डोळे पुसत पुसत बहिणीला 'माघारी जा' म्हणून सांगायला रेंज शोधत बांधावर गेली.

सलीमभाईंनी शांतपणे विचारलं, "मग पेशंट कोण आहे?"

आप्पांनी पंपाकडे बोट दाखवलं. "ह्योच की."

आता बघा, ज्या माणसाच्या दुकानात गोळ्यांचे कप्पेच्या कप्पे भरलेत, तो ऑक्सिजन घेऊन आला होता आणि गोळी एकही आणली नव्हती. सलीमभाईंनाच दया आली. "गाडी रिकामीच जायची आहे," ते म्हणाले, "ठेवा वर." आम्ही पंप स्ट्रेचरवर ठेवला. वळणावर पडू नये म्हणून त्याला पट्टाही बांधला. आप्पा त्याच्या उशाशी बसले.

"सायरन लावू?" सलीमभाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणालो.

दुकानासमोर अँब्युलन्स थांबली आणि अर्धा बाजार गोळा झाला. शटर सकाळीच बंद झालेलं, तेव्हा मीच गेलो असं एक-दोघांनी ठरवूनही टाकलं होतं. त्या गर्दीतून पंप उतरवून मी आत नेला आणि मान खाली घालून कामाला लागलो. काम तरी नीट करावं, नाही का?

आप्पांनी त्या व्हॉल्व्हमध्ये सायकलच्या बेअरिंगची गोळी टाकली होती. ती कडक असते, पण औषधाच्या पाण्यात गंजते. मी स्टेनलेसची काढली. साईज जुन्या गोळीवरून घेतली नाही, ती गंजानं खाल्ली होती. व्हॉल्व्हच्या बैठकीवर, म्हणजे गोळी जिथं टेकते त्या कडेवर, एकेक ठेवून पाहिली. लहान गोळी आत रुतायची, मोठीला वर उचलायला जागाच राहायची नाही. एक बरोबर बसली. वरून पाणी ओतलं, थेंब गळला नाही.

आप्पांनी चुंबक उचलून गोळीला लावला. "ही चिकटना. लोखंड हाय का काय हे?"

"आप्पा, ही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीची नाही. म्हणून तर गंजणार नाही."

"बघा बरं का," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या दिवशी माझ्याबद्दल जेवढा विश्वास असायला हवा तेवढाच होता.

इतक्यात समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर अँब्युलन्स पाहून बॅग घेऊन धावत आले. मला दरदरून घाम फुटलेला, चेहरा लाल. त्यांनी कुणालाच काही न विचारता मला बाकावर बसवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला. मी "अहो, पंपाचा..." म्हणत होतो, ते "बोलू नका" म्हणत होते.

त्यांनी एकदा मोजलं. थांबून पुन्हा मोजलं.

"दाब बराच वाढलाय. याआधी कधी तपासला होता?"

आप्पा पंपाचा दांडा हलवून बघत होते. "माझा धरंना," ते म्हणाले, "आन ह्यांचा उतरंना."

आप्पांनी त्याच दिवशी कांदा फवारून घेतला. पंप अजून झकास चालतोय, त्याची गोळी पुन्हा बदलावी लागली नाही. माझी मात्र डॉक्टरांनी दोनदा बदलली.