खिशातला फ्यूज

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, ज्याच्या-त्याच्या खिशाला पेन लटकलेलं असायचं. आमच्या रेडिओमास्तरांच्या खिशात मात्र काचेचा फ्यूज असायचा. लग्नघरी पोचलो की स्वतः बांधलेल्या अँप्लिफायरमधून ते तो काढायचे, फुंकर मारून खिशात टाकायचे आणि यजमानाला शांतपणे सांगायचे, "आदी पंगत दाखवा. आमी चौघं एका वळीत जेवलो की मग वीज येईल." जेवण होईपर्यंत नवरदेव आला काय नि मंत्री आला काय, डबा मुका तो मुकाच.

मास्तरांचं दुकान रेडिओ दुरुस्तीचं. गिऱ्हाइकाचा रेडिओ बरा झाला तरी 'तपासायला' म्हणून चार दिवस ठेवून घ्यायचे आणि शॉर्टवेव्हवर परदेशी पोरांचा धिंगाणा ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "त्यांच्या हातात गिटार हाय, आपल्या हाताला काय लकवा भरलाय?" सागवानी फळी, जुन्या हेडफोनातलं लोहचुंबक आणि कुठून कुठून मिळवलेल्या तारा जोडून त्यांनी गिटार उभी केली. ती वाजवायला बौद्धवाड्यातला दौलत, पेटीवर बाळू सोनार आणि ड्रम बडवायला मी, चाळीस एकरवाल्या घरचा नंदी. आम्ही इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण लोकांनी ते बाजूला सारून 'वीज पार्टी' केलं.

आणि वाजलो की आम्ही! ताडकळसच्या बाजारात पहिल्यांदा तारा छेडल्या तेव्हा बैल दावी तोडून पळाले, पण माणूस एक हलला नाही. देवगाव फाट्यावर कंडक्टर आम्हाला ओळखून टपावरचे ड्रम स्वतः उतरवून द्यायचा. दौलत स्वतः रचलेलं कापसाच्या गाडीचं गाणं म्हणू लागला की पागोटेवाले म्हातारेही मान डोलवायचे. मास्तर कोपऱ्यात उभे राहून डब्याच्या पाठीवर हात ठेवायचे, ढोराला ताप आहे का बघावं तसे.

मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. काल एका बशीत चहा पिणारी माणसं नजर चुकवून जाऊ लागली. त्याच साली मार्गशीर्षात माझ्या मामेबहिणीचं लग्न निघालं. मामाच्या मांडवात आमच्यासाठी तीनच पानं मांडलेली होती. चौथं, दौलतचं, गोठ्यात.

"दिवस कसे हायेत तुमाला ठावं हाय, मास्तर," मामा म्हणाला. "पोरगं गुणाचं हाय, पण पंगतीत कसं बसवू?"

"मग तुमची वीज गेली समजा," मास्तर म्हणाले. खिशातल्या फ्यूजवर हात ठेवला, दुसरा हात दौलतच्या खांद्यावर टाकला आणि दोघं उपाशीपोटी फाट्याच्या वाटेला लागले. जड डबा मांडवातच राहिला. फ्यूजवाचून तो कोण वाजवणार, असं त्यांना वाटलं असावं.

मी वाजवला. मामाचं घर होतं, बहिणीचं लग्न होतं, आणि खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून मी फ्यूजच्या जागी खुपसली आणि बाळूच्या पेटीपुढचा माइक जोडला. दुसऱ्याच गाण्याला डब्यातून धूर निघाला. तो जळका डबा दुकानात नेऊन ठेवला तेव्हा मास्तर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चांदी घालून फ्यूज व्हत नसतो, बाबा." वीज पार्टी त्या दिवशी संपली.

पंधरा-सोळा वर्षं मी त्या दुकानासमोरून गेलो नाही. गावात लांबची गल्ली असते ती अशा कामासाठीच. दौलत पाथरीला शिक्षक झाला. अखेर विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि त्या उन्हाळ्यात मामाच्या धाकट्याचं लग्न ठरलं. पोरगा बापासमोर उभा राहून म्हणाला, "अक्काच्या लग्नातला धूर आजून माज्या डोळ्यात हाय. वीज पार्टी न्हाई तर बाशिंग न्हाई." मामाने मला धाडलं. पाय ओढत दुकानाची पायरी चढलो.

मास्तरांचे केस पांढरे झाले होते. खिशात फ्यूज होता. "डबा कवाच दुरुस्त केलाय," ते म्हणाले. "पर मला इचारून काय उपेग? दौलतकडं जा."

दौलतने मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामानं सोता वाढावं. आन् तुजं पान माज्या शेजारी."

भर दुपारी, अख्ख्या गावादेखत पंगत बसली. चौघं एका ओळीत, दौलतच्या एका बाजूला मी, दुसरीकडे एक रिकामं पान. मामा बुंदीचं घमेलं घेऊन आला. दौलतच्या पानात दोनदा वाढलं, घमेलं खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या पानावर स्वतः बसला. "लय उशीर केला म्या," म्हणाला. दौलतने आपल्या पानातली एक बुंदी उचलून तोंडात टाकली. तेव्हा कुठे मी माझ्या पानाला हात लावला.

हात धुतल्यावर मास्तरांनी फ्यूज काढला, फुंकर मारली आणि माझ्या तळहातावर ठेवला. "बसव. सिगारेट वडत असशील तर पाकीट लांब ठेव." माझे डोळे भरले होते, खाच दिसेना. दौलतने माझं मनगट धरून नीट जागी नेलं. मग तारा कडाडल्या, कापसाची गाडी सुटली, आणि त्या दिवशी आम्ही जसे वाजलो तसे उमेदीतही कधी वाजलो नव्हतो. मामा काठी उंचावून नाचत होता.

मास्तर आता नाहीत. गिटार दौलतची लेक वाजवते, आणि बापापेक्षा चांगली वाजवते. लग्नघरी पोचलो की यजमान लगबगीने वायर घेऊन येतो. मी खिशावर हात ठेवतो आणि विचारतो, "आदी पंगत कुठं हाय, ते दाखवा."