देठासकट टोमॅटो

टेलरकाकांच्या घराला दोन तोंडं होती. पुढचं रस्त्याकडे. तिथं दुकान होतं: शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि "उद्या नेतो" म्हणून वर्षानुवर्षं कुणी न नेलेल्या कपड्यांचा दांडा. मागचं तोंड परसाकडे. तिथं काकूंचं राज्य. मधलं स्वयंपाकघर म्हणजे सरहद्द. काकांनी ती ओलांडली की काकू तिथूनच हात करायच्या, "थांबा तिथंच. तुमचा पाय नेमका रोपावर पडतो." आणि ते खोटं नव्हतं. डोळे मिटून शर्टाची कॉलर बसवणाऱ्या या माणसाला पालक कुठला आणि मुळ्याचा पाला कुठला, हे कधी कळलं नाही.

काकूंच्या हाताला मात्र गुण होता. या बाईनं छत्रीची काडी खोचली तरी तिला पालवी फुटेल, असं गल्ली म्हणायची. टोमॅटो, घेवडा, मिरच्या, वांगी, कुंपणावर काकडीचा वेल आणि कोपऱ्यात पाहुण्यासारखा ऐसपैस पसरलेला भोपळा. उन्हाळा सरत आला की परसात पाऊल ठेवायला जागा उरत नसे. सकाळी काकू टोपली काखेला मारून निघत, वाकून, पानं बाजूला सारून, एकेक फळ अंगठ्यानं दाबून बघत. टोपली भरली की आधी दुकानात येत, गिऱ्हाईक उभं असलं तरी.

"बघा," म्हणत.

काका मशीन थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि "वा" म्हणत. त्या दोघांमधलं प्रेमाचं बोलणं बहुतेक या दोन शब्दांत आटपे. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली तेव्हाही त्यांनी एकमेकांना काही जास्त सांगितलं नव्हतं. काकूंनी त्या वर्षी घेवडा दुप्पट लावला होता, इतकंच.

विसरणं आलं ते दबक्या पावलांनी. आधी नावं गेली, ती काय, सगळ्यांचीच जातात. मग एकाच वाफ्यात काकूंनी दोनदा बी टोकलं. मग एक दिवस त्या रस्त्याच्या टोकाला उभ्या सापडल्या, हातात खुरपं, आणि घर कुठल्या बाजूला हे आठवेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. काकांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि घरी येईपर्यंत स्वतःच विसरून गेले. नाव लक्षात ठेवून करायचं काय होतं म्हणा.

त्या वर्षी बाग धरली होती दृष्ट लागण्यासारखी. टोमॅटोच्या झाडांना आधाराच्या काठ्या पुरेनात. फळं अजून हिरवी होती, थोड्या दिवसांत लाल झाली असती. एका दुपारी कोटाचं अस्तर शिवता शिवता काकांच्या लक्षात आलं, की मागून बराच वेळ काही आवाज नाही. ते उठून गेले. काकू मातीत बसल्या होत्या. ओच्यात, भोवती, सगळीकडे हिरवे टोमॅटो. चिंचोक्याएवढेसुद्धा सोडले नव्हते. भोपळ्याची फुलं, बोटाएवढ्या काकड्या, घेवड्याच्या कोवळ्या शेंगा. सगळी बाग त्यांनी खुडून टाकली होती.

"अगं, काय केलंस हे," काका ओरडले. सगळ्या संसारात त्यांचा आवाज असा चढल्याचं शेजाऱ्यांनी ऐकलं नव्हतं. "अक्कल गहाण टाकलीस का?"

काकूंनी ओच्यात पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "मी केलं?" त्यांनी विचारलं. त्या रडल्या नाहीत. हात तेवढे पाठीमागे लपवले, शाळेत छडी मारायला मास्तर आले की पोरं लपवतात तसे. काकांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नेहमीसारख्या टोपली घेऊन मागे गेल्या. काल काय झालं ते पुसून गेलं होतं. बऱ्याच वेळानं परत आल्या आणि दुकानात न येता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. टोपली रिकामी.

"यंदा काहीच धरलं नाही हो," त्या म्हणाल्या. "माझा हातच बिघडला. माझ्यात काही राहिलं नाही आता."

काका दुकानाकडे वळले. मशीनवर जाऊन बसले, पण सुईत दोरा काही ओवता येईना. संध्याकाळी त्यांनी पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीपुढे जाऊन उभे राहिले. भाजीवालीच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला.

"काका, वाट चुकलात का? तुमच्या घरची भाजी अख्खी गल्ली खाते, आणि तुम्ही माझ्या दारात?"

"टोमॅटो दे. लाल. देठासकट."

"देठांची भाजी करणार?"

"लांब देठ पाहिजे," काका खाली बघत म्हणाले. "बांधता आला पाहिजे."

भाजीवाली जिभेची तिखट. तिच्याशी बोलताना भले भले दोन पावलं मागे सरत. पण ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग गुपचूप ढिगातून एकेक फळ निवडून देऊ लागली. दुसऱ्या दिवसापासून तिनं देठवाले टोमॅटो ओल्या फडक्याखाली वेगळे ठेवायला सुरुवात केली. थट्टा पुन्हा केली नाही.

पहाटे काकू उठायच्या आत काका मागे जात. शाळेच्या गणवेशांसाठी आणलेली हिरव्या दोऱ्याची रिळं होती, त्यातला दोरा. झाडाच्या फांदीला टोमॅटोचा देठ लावायचा, दोन वेढे, आणि गाठ. ही गाठ त्यांची स्वतःची होती, बटणाखाली घालायची. नव्या संसारात काकू दुकानात काज-बटणं करायला बसत, तेव्हा त्यांनी ती शिकायचा फार प्रयत्न केला होता. जमली नाही. "तुमची गाठ म्हणजे तुमच्यासारखी," म्हणायच्या, "दिसत नाही आणि सुटतही नाही."

पहिल्याच सकाळी काकू भरली टोपली घेऊन दुकानात आल्या. "बघा."

"वा," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं भिंतीकडे वळले.

मग हा रोजचाच उद्योग झाला. कधी टोमॅटो, कधी काकड्या, कधी घेवड्याच्या शेंगा. माळी म्हणून काकांचं ज्ञान यथातथाच, त्यामुळे घोटाळे व्हायचे. एकदा अंधुक उजेडात त्यांनी वांगी मिरचीच्या झाडाला लटकावली. काकूंनी ती तोडली, कमरेवर हात ठेवून झाडाला फेरी मारली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली.

"मिरचीला वांगी लागलीत, बघितलंस का? एवढ्या वर्षांत असं पाहिलं नाही मी."

शेजारीण अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं झाडाकडे पाहिलं, मग काकांच्या खिडकीकडे. "यंदा हवाच तशी आहे, काकू," ती शांतपणे म्हणाली. "आमच्याकडेही सगळं विचित्रच चाललंय." काकूंनी चार वांगी तिला कुंपणावरून दिली. शेजारीण आदल्याच संध्याकाळी त्याच भाजीवालीकडून वांगी घेऊन आली होती, तरी तिनं ही दोन्ही हातांनी घेतली, आणि तुमच्या हातच्या वांग्यांची चव काही औरच, असंही म्हणाली. गल्लीत आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

उन्हाळ्याच्या अगदी शेवटी मुलगी आली. तिची झोप सावध. पहिल्याच पहाटे ती उठून आली तर वडील चिखलात गुडघे टेकून, तोंडात दोरा धरून काकडी बांधत होते.

"बाबा, हे काय?"

"हळू बोल. आई उठेल."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्याशेजारी बसली. "असं किती दिवस करणार? तुमची तब्येत बघा, निम्मे झालात. दोघं चला माझ्याकडे."

"बाग आहे तोवर राहू दे इथं."

"बाबा, बाग नाहीये."

 काकांनी काकडीची गाठ घट्ट केली आणि दोरा दातानं तोडला.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी ते झालं. काका टोमॅटोच्या ओळीत वाकले होते. फटफटलं होतं जेमतेम. पावलं वाजली नाहीत, आणि मागून आवाज आला.

"भाऊ, काय करताय?"

काका वळले. काकू अनवाणी उभ्या होत्या, अंगावर शाल. चेहरा अगदी निवळ. कित्येक दिवसांत त्यांनी इतक्या स्वच्छ नजरेनं पाहिलं नव्हतं. काकांना वाटलं, ओळखलं हिनं आपल्याला, आणि मग त्यांच्या कानात तो शब्द शिरला. भाऊ.

"काही नाही," ते म्हणाले. "जरा बांधत होतो."

काकू पुढे आल्या. टोमॅटो हातात घेऊन देठावरून बोट फिरवलं. दोरा सापडला, गाठ सापडली. त्या बराच वेळ ती चाचपत राहिल्या.

"ही गाठ आमच्या ह्यांची," त्या म्हणाल्या. "टेलर आहेत ना ते. दुसऱ्या कुणाला येत नाही. तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात का?"

काकांनी हातातला दोरा बोटाला गुंडाळला. "हो," ते म्हणाले.

"त्यांनीच सांगितलं असेल तुम्हाला हे करायला." काकू हसल्या. "मला वाटलंच होतं. बाजारचे टोमॅटो मला कळत नाहीत का? माझे असे टणक नसतात." मग त्यांनी घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण त्यांना सांगू नका हं, मला कळलंय म्हणून. वाईट वाटेल त्यांना. मोठ्या हौसेनं करतात. आत निजलेत, निजू द्या. आताशा त्यांना झोप लागत नाही नीट."

"नाही सांगत," काका म्हणाले.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको आहे."

"बरी आहे ना?"

काकांना मान हलवता आली, तेवढीच. काकूंनी गाठीच्या खाली देठ मोडून दोन टोमॅटो तोडले आणि त्यांच्या ओंजळीत ठेवले. "तिला द्या. म्हणावं, टेलरबाईंनी दिलेत." आणि आत निघून गेल्या.

काका तिथंच मातीत बसले. मुलीनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती बाहेर आली, त्यांच्या हातातले टोमॅटो घ्यायला लागली, पण त्यांनी मूठ सोडली नाही. थोड्या वेळानं काकू टोपली घेऊन आल्या. मघाचं काही त्यांच्या डोळ्यांत उरलं नव्हतं. झाडांवरची फळं तोडताना लहान मुलीसारख्या खूश होत्या. "बघा," त्यांनी काकांपुढे टोपली धरली, पण आता कुणाला दाखवतोय हे त्यांना ठाऊक आहे की नाही, ते काकांना कळेना. ते "वा" म्हणाले.

"चल," त्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं. "नेतेस तर ने."

मुलीच्या घरी काकू पावसाळा आणि हिवाळाभर होत्या. काकांशी त्यांचं चांगलं जमलं. पाणी तेच देत, केस तेच विंचरत, घास तेच भरवत, आणि काकू प्रत्येक वेळी परक्या माणसाला म्हणावं तसं संकोचून म्हणत, "तुम्हाला उगाच त्रास." एकदा त्यांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "हा माणूस भला आहे. ह्याला कामावरून काढू नकोस." मुलीनं हे वडिलांना सांगितलं नाही. त्यांनी पडद्याआडून ऐकलंच होतं. नवरा म्हणून जागा गेली, तर गेली. भला माणूस म्हणून तरी जवळ बसायला मिळत होतं.

थंडी ओसरता ओसरता काकू झोपेतच गेल्या. शेवटचे काही दिवस त्या "ह्यांना बोलवा" म्हणत होत्या. काका हात धरून बसलेलेच होते. "येताहेत," ते सांगत. "निघालेत. एवढा कोट पुरा झाला की येतात." आणि काकू म्हणत, "येऊ द्या सावकाश. घाईत टाका चुकतो त्यांचा."

मुलीनं खूप आग्रह केला, पण काका परत आले. दुकान उघडलं. परसात गवत माजलं होतं. एक दिवस शेजारीण बिचकत बिचकत आली आणि म्हणाली, "काका, जागा नुसती पडून आहे. मी काही लावू का? काकूंसारखं जमायचं नाही, पण."

"लाव," काका म्हणाले.

तिचा हात बरा आहे. या उन्हाळ्यात तिनं दोडकी काढली, थोडा पालकही. संध्याकाळी ती मागच्या दारातून हाक देते, "काका, भाजी ठेवलीय हो." काका मशीन चालवत आतूनच "ठेव" म्हणतात. ती गेल्याची खात्री झाली की उठतात. दार उघडून भाजी आत घेतात, आणि परसाकडे न बघता दार लावतात.